बुचांचं वस्त्र

लंडनात ब्लूम्सबरी म्हणून भाग आहे. ब्रिटिश म्युझियम तिथलंच. बाबासाहेब त्या म्युझियमच्या ग्रंथालयात दार बंद होईस्तोवर वाचत बसायचे, हे आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. तिथून पायी थोड्याच अंतरावर, एका जुन्या शाळेच्या इमारतीत ऑक्टोबर गॅलरी आहे. १९७९ पासून. गोऱ्यांच्या कलेबाहेर जग आहे, ते भिंतीवर लावायचं, ही तिची टेक. आणि धंदाही. दोन्ही बोललं पाहिजे.

या गॅलरीनं १९९० नंतरच्या दशकात एल अनात्सुईला धरलं. हा घानातल्या अन्याको गावचा, जन्म १९४४. घरात बाप-भाऊ केंटे कापड विणणारे. १९७५ पासून नायजेरियात न्सुक्काच्या विद्यापीठात शिल्प शिकवायचा. तेव्हा तो लाकडाच्या फळ्या यंत्रकरवतीनं चिरायचा, जाळून काळ्या करायचा. मोठा बाजार अजून त्याच्याकडं वळायचा होता.

मग १९९८ च्या सुमाराला त्याला रस्त्याकडेला एक पोतं सापडलं. आत दारूच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं. आपल्याकडं असलं पोतं सापडलं तर भंगारवाला तोलून पैसे देईल, आणि वेचणारीला शिवल्याबद्दल हात धुईल. अनात्सुईनं ती बुचं ठोकून चपटी केली, मुडपली, भोकं पाडून तांब्याच्या तारेनं एकमेकांत गुंफली. भिंतभर वस्त्र झालं. लाल, सोनेरी, राजाच्या अंगावर शोभेल असं.

पण दारूच का? युरोपच्या व्यापाऱ्यानं दारू दिली आणि माणसं नेली. त्या माणसांनी पलीकडं ऊस पिकवला, उसाच्या मळीची पुन्हा रम झाली. बूच म्हणजे या सगळ्या हिशेबाची पावती. दारूनं आपल्या वस्तीतली किती घरं गिळली ते ज्यानं पाह्यलंय त्याला हे वस्त्र समजावून सांगावं लागत नाही.

गॅलरीनं या माणसाला लाकडाच्या काळात धरलं आणि सोडलं नाही. त्याचं पहिलंवहिलं बूचकाम विकत घेणाऱ्यांत शेजारचं ब्रिटिश म्युझियम होतं. २००७ साली व्हेनिसमध्ये अख्ख्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर त्याचं वस्त्र चढलं. २०१५ ला तिथंच आयुष्यभराच्या कामाचा सुवर्णसिंह. २०२३ ला टेट मॉडर्नचं प्रचंड टर्बाइन दालन. तीस वर्षं लागली, दोस्तांनो. आपल्याकडं एप्रिल आला की शहरातल्या गॅलरीवाल्याला दलित चित्रकार आठवतो. मे महिन्यात चित्रं गुंडाळून परत, वर टेम्पोचं भाडं चित्रकाराच्याच खिशातून. एका प्रदर्शनाला साथ म्हणत नाहीत. विकलं जात नाही तेव्हाही जो भिंत देतो, पुस्तक छापतो, त्याला म्हणतात.

अर्थात गॅलरी काही धर्मशाळा नव्हे. विकलेल्या कामात अशा दुकानांचा वाटा सहसा निम्म्याच्या आसपास असतो. घेऊ दे. माझं डोकं अडतं ते दुसरीकडं. न्सुक्काला ही बुचं ठोकायला, ओवायला डझनावारी पोरं बसतात. महिनोन्महिने. बोटांना पत्रा लागतो, तार लागते. अनात्सुई त्यांना मजुरी देतो, आणि गावात काम उभं राह्यलं हेही खरं. तरी भिंतीवरच्या पाटीवर नाव एकच. आपली गोधडीसुद्धा चार बायांनी शिवलेली असते, पण ती कुणाकुणाची हे आळीला ठाऊक असतं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. हे वस्त्र कसं टांगायचं याचा तो हुकूम देत नाही. जो टांगेल त्यानं चुण्या पाडाव्यात. म्हणजे दर ठिकाणी वेगळं दिसतं. शिडीवर चढणारा, वजन पेलणारा हमाल तिथं क्षणभर का होईना, कामात शिरतो.

आपल्या अंकांना मुखपृष्ठं करून देणारे पोरगे आहेत. कुणी साइनबोर्ड रंगवतो, कुणी जयंतीचे देखावे. त्यांची मूळ चित्रं कुठं आहेत, कुणाच्या माळ्यावर भिजताहेत, याची नोंद आपण तरी ठेवलीय का? एक वही घालायला किती पैसे लागतात?