घरचं सिरप, कॉफी आणि आईचा रिपोर्ट



"डॉक्टर, बाहेरचं नाही हो, घरी केलेलं आहे. ते चालतं ना?" हा प्रश्न दवाखान्यात मला आठवड्यातून चार वेळा तरी ऐकू येतो. कधी लोणच्याबद्दल, कधी गुळाच्या लाडवांबद्दल, आणि हल्ली घरी केलेल्या कॉफीच्या सिरपबद्दल. सिरपबद्दल मी जरा अधिकाराने बोलू शकतो, कारण ती चूक मी स्वतः, माझ्याच घरात केली आहे.

आधी छंदाबद्दल सांगतो. आपल्याकडे कॉफी म्हणजे दुधातली, जायफळ-वेलची घातलेली. लग्नाच्या कार्यालयात मोठ्या पातेल्यातून येणारा तो वास तुम्हालाही आठवत असेल. गेल्या वर्षी माझ्या मुलीने कॉफी शॉपमधला एक मोठा ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि किंमत सांगितली. मी म्हटलं, यात आहे काय? कॉफी, दूध आणि वासाचा साखरेचा पाक. हे तर घरी होईल! त्या रविवारपासून स्वयंपाकघरातला एक ओटा माझा झाला.

कृती अगदी सोपी आहे. २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी. साखर विरघळली की आठ-दहा वेलच्या ठेचून घालायच्या आणि मंद आचेवर पाच मिनिटं ठेवायचं. तार येऊ द्यायची नाही, नाहीतर फ्रिजमध्ये खडे होतात. गॅस बंद केल्यावर पाव जायफळ किसून घालायचं, झाकण ठेवायचं आणि गार झाल्यावर गाळायचं. जायफळ आधीपासून उकळलं तर वास उडून जातो. दालचिनी किंवा लवंग घालायची असेल तर मात्र ती पाण्यातच सुरुवातीपासून उकळा. आल्याचंही तसंच. कच्च्या आल्याचा रस दुधात घातला तर दूध फाटतं, कारण त्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. आलं चांगलं उकळलं की त्याचा जोर संपतो.

फळांच्या बाबतीत मी सपशेल आपटलो. नागपुरी संत्र्यांचा सुंदर पाक केला, गरम दुधाच्या कॉफीत ओतला आणि कपात चक्क पनीर तयार झालं! आंबट फळाने दूध नासणार हे मला कळायला हवं होतं, पण हौसेपुढे रसायनशास्त्र आठवत नाही. संत्रं, कोकम, लिंबू, अननस यांचे पाक बिनदुधाच्या गार कॉफीत घाला. बर्फ, कोरी कॉफी आणि वरून कोकणातल्या पद्धतीचं अमृत कोकम. हे मिश्रण विचित्र वाटेल, पण एप्रिल-मेमध्ये एकदा करून पाहा.

आता मुद्द्यावर येतो.

माझी आई ७४ वर्षांची आहे. मधुमेह बारा वर्षांचा, मेटफॉर्मिनवर व्यवस्थित ताब्यात. एचबीए१सी, म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांची साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.९ च्या आसपास असायची. माझ्या छंदाला चारेक महिने झाले आणि तिचा रिपोर्ट ८.२ आला.

मी तिला तेच विचारलं जे तुम्हाला विचारतो. चहा-कॉफीत साखर घेतेस? "नाही रे, बारा वर्षांत घेतली आहे का?" गोड खातेस? "सणापुरतं." फिरायला जातेस? "रोज." उत्तरं स्वच्छ होती. वय वाढतंय, आजारही वाढतोय असं मी मनात लिहून टाकलं आणि ग्लिमेपिराइडची सकाळची १ मिलिग्रॅमची गोळी वाढवली.

आई खोटं बोलली नव्हती, हे नीट लक्षात घ्या. ती साखर घेत नव्हतीच. ती मी केलेला वेलचीचा पाक घेत होती. सकाळी दोन मोठे चमचे, दुपारी चार वाजता दोन. बाटलीवर माझ्याच अक्षरात "वेलची-जायफळ" असं लिहिलं होतं. त्यावर 'साखर' हा शब्द कुठेच नव्हता.

हे मला कळलं ते एका सकाळी ती कपात पाक ओतताना मी बाजूलाच उभा होतो म्हणून. "किती घालतेस?" असं विचारलं तर म्हणाली, "तू केलंयस म्हणून घालते जरा जास्तच. बाहेरचं थोडंच आहे?"

गणित असं आहे. २०० ग्रॅम साखरेचा पाक होतो साधारण ३०० मिली. पोहे खायच्या मोठ्या चमच्यात सुमारे १५ मिली मावतो, म्हणजे एका चमच्यात १० ग्रॅम साखर. आईच्या एका कपात २० ग्रॅम, दिवसाला ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की वरून घातलेली साखर, मध, पाक, फळांचे रस यांतून येणारी साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवा, आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली. २००० उष्मांक खाणाऱ्या निरोगी माणसासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आई खाते त्याहून बरंच कमी, आणि तिला मधुमेह आहे. शिवाय ही साखर पातळ पेयातून जाते. चावायचं काही नाही, चोथा नाही, त्यामुळे रक्तात लवकर पोचते.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला असता तर? फार फरक पडला नसता. गुळात लोह-बिह असतं हे खरं, पण दोन चमच्यांत ते नगण्य, आणि रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर जवळपास सारखेच. 'नैसर्गिक' हा शब्द ग्लुकोमीटरला वाचता येत नाही.

इथपर्यंतची चूक गमतीची म्हणून सांगता आली असती. पुढची नाही.

मी त्याच दिवशी पाक बंद केला. बाटली फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात सरकवली. गोळी मात्र तशीच ठेवली! वाढलेली साखर ज्या कारणाने वाढली होती ते कारण काढलं, पण त्यासाठी वाढवलेलं औषध काढायचं माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या कुणाच्या पेशंटच्या बाबतीत हे मी एका मिनिटात ओळखलं असतं. डॉक्टरांनी घरच्यांवर स्वतः उपचार करू नयेत म्हणतात ते यासाठीच.

दहाएक दिवसांनी संकष्टी होती. आईने गोळी घेतली, बिनसाखरेची कॉफी घेतली, मूठभर शेंगदाणे खाल्ले आणि चंद्रोदयाची वाट बघत कामाला लागली. आधीच्या संकष्टीला त्या कॉफीतल्या पाकाने तिला सांभाळून घेतलं होतं, हे आता कळतं. दुपारी साडेबाराला बायकोचा दवाखान्यात फोन. "आईंना दरदरून घाम सुटलाय, हात थरथरतायत, आणि काहीतरी असंबद्ध बोलतायत." मी म्हटलं, आधी शुगर बघ. ५८.

७० च्या खाली म्हणजे साखर कमी झाली असं आपण मानतो. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच १५ ग्रॅम साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्यायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

बायकोने विचारलं, साखर पाण्यात विरघळवत बसू का? तेव्हा मला ती बाटली आठवली. "फ्रिजमध्ये मागे वेलचीचा पाक आहे. दीड मोठा चमचा, थोड्या पाण्यात. आत्ता." मी घरी पोचेपर्यंत रीडिंग ८६ झालं होतं. आई खुर्चीत टेकून बसली होती आणि पहिलं वाक्य बोलली, "उपवास मोडला का रे माझा?" पाक उपवासाला चालतो, असं मी ठामपणे सांगितलं. लगेच वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खायला लावली.

दुसऱ्या दिवशी तिला माझ्या एका फिजिशियन मित्राकडे नेलं. त्याने ग्लिमेपिराइड बंद केलं आणि मला बाहेर बसवलं, हे बरंच केलं. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.१ आलं, जुन्याच गोळीवर.

तुमच्यापैकी कुणी साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल आणि हा लेख वाचून उद्यापासून गोड एकदम बंद करायचं ठरवलं असेल, तर थांबा. आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागेल का विचारा. उपवासाच्या दिवसांबद्दलही विचारा. सगळ्याच गोळ्यांनी साखर इतकी खाली जात नाही. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा जात नाही, ग्लिमेपिराइडसारख्यांनी जाऊ शकते. तुमची गोळी कोणती आहे ते माहीत असू द्या.

आणि कॉफी? ती बंद नाही झाली. वेलचीचे दोन दाणे आणि दालचिनीचा छोटा तुकडा आता मी फिल्टरमध्ये कॉफीच्या पुडीबरोबरच टाकतो, वरून जायफळाची चिमूट. गोड वासामुळे जिभेला थोडी गोडी भासते, थोडीच. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "ही कॉफी नव्हे, काढा आहे." मग मित्राशी बोलून सकाळच्या एका कपात चहाचा एक लहान चमचा पाक ठरला, म्हणजे साधारण ३ ग्रॅम साखर. त्यावर तिची तक्रार आहे, पण ती घेते. जायफळ मात्र चिमटीपुरतंच हं. झोप यावी म्हणून चमचाभर घेणारे लोक मी पाहिले आहेत. एवढ्या जायफळाने भ्रम आणि छातीत धडधड होते.

घरी इतरांसाठी पाक करतो तो आता निम्म्या साखरेचा. साखर कमी केली की तो टिकत नाही, कारण साखरच पाणी धरून ठेवते आणि बुरशीला वाढू देत नाही. म्हणून थोडाच करतो, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो आणि लागेल तसा एकेक खडा काढतो. फळांच्या पाकाला तर हाच उपाय बरा. बाटलीत ठेवलात तर उकळत्या पाण्याने धुतलेली बाटली, कोरडा चमचा, आणि फेस किंवा आंबूस वास आला की सरळ बेसिनमध्ये.

बाटलीवरचं लेबलही बदललं आहे. आता त्यावर लिहिलंय: "वेलची-जायफळ. मोठा चमचा = साखर ५ ग्रॅम." जुन्या, पूर्ण साखरेच्या पाकाची एक छोटी बाटली मात्र फ्रिजच्या दारात, समोरच ठेवली आहे. तिच्यावर आईने स्वतः चिठ्ठी चिकटवली आहे: "घाम आला तर."