दोन चाकांचा तोल

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले, की काटेवाडी मागे पडते आणि थोड्याच वेळात भवानीनगर येते. वारकऱ्यांना शेजारचे सणसर अधिक ओळखीचे. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी काटेवाडीला आली, की तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचे रिंगण होते आणि मग सणसरला मुक्काम. भवानीनगरचे दैवत मात्र निराळे. येथे सारा कारभार श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या भोंग्यावर चालतो. एके काळी हा मुलूख दुष्काळी. १९ व्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला आणि कुसळांच्या जागी ऊस उभा राहिला.

मी गेलो तो ऐन हंगामात. मोटारीच्या काचा वर केल्या, तरी मळीचा आंबूस वास आत येतोच. ट्रॅक्टरांच्या रांगेशेजारी बैलगाड्यांचीही रांग होती. ती पाहताना मला अगदी भलतीच वस्तू आठवली. २००१ साली अमेरिकेत डीन कॅमेन या गृहस्थांनी 'सेगवे' नावाची दुचाकी जगापुढे मांडली. सायकलीची चाके एकामागे एक, हिची शेजारीशेजारी. माणूस मधल्या फळीवर उभा राही. तो किंचित पुढे झुकला, की आतली यंत्रे तो कल ओळखून चाके पुढे पळवीत आणि स्वाराचा तोल सावरीत. शहरांची रहदारीच बदलणार, असा बोलबाला झाला. पण २०२० साली तिचे उत्पादन थांबले. शौकिनांनी तिला पिशव्या, स्टँड, कुलपे घेतली. पण ती होती चाळीसेक किलोंची! मोटारीच्या डिकीत चढवायची, तर दुसरा माणूस हवा, नाही तर उतरती फळी हवी. स्वाराला वाहणारे वाहन, आणि त्यालाच वाहायची चिंता!

बैलगाडीचीही चाके शेजारीशेजारीच. तोल सांभाळणारे यंत्र तिच्यात नाही. ते काम गाडीवानाचे आणि बैलांचे. रांगेत बीडकडचा एक म्हातारा गाडीवान सापत्या तपाशीत होता. मी विचारले, "मामा, एवढा ऊस रचताना अंदाज कसा येतो हो?"

"आखावर ध्यान ठिवायचं, साहेब," तो म्हणाला. "मागं जड झाली, की गाडी उलाळती. जू वर उठतं अन् सापती बैलाच्या नरड्याला लागती. पुढं जड झाली, की समदा भार मानंवर. थोडी पुढं झुकती ठिवायची, बास!"

तेवढ्यानेही भागत नाही. चढ आला, की भार मागे सरतो. उतारावर तो पुढे येऊन मानेवर बसतो. रस्ता बदलला, की तोलही बदलला. ऊसही थोडाथोडका नव्हे. टायरच्या गाडीत दीडदोन टन सहज भरतात.

गाडीच्या साजाची निवडही गंमतीची. झूल, घुंगरमाळा, शिंगांचा रंग ही झाली हौस. पण सापती कातड्याची की सुताची, जुवाखाली कापडाची घडी किती जाड, आखाला वंगण कधी द्यायचे, यांत हयगय चालत नाही. मान सुजली, की बैल बसला. बैल बसला, की गाडी थांबली. मग घेतलेली उचल फिटायची कशी? उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. नवराबायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक 'कोयता'. तिची उचल ऊस तोडूनच फिटते. म्हणून कोपीपुढे आधी बैलांना वाढे पडते, मग चूल पेटते. बिऱ्हाडही सुटसुटीत: पातेली, गोधड्या, दोन कोंबड्या आणि कडेवरचे मूल.

या मानेचा विचार शिकलेल्या मुलांनीही केला आहे. २०२२ साली सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाचे एक चाक तयार केले. दोन बैलांच्या मधोमध जुवाखाली ते बसवायचे, म्हणजे मानेवरचा काही भार जमिनीवर जातो. कल्पना इतकी सोपी, की आजवर कशी सुचली नाही याचे नवल वाटावे. त्या दिवशी भवानीनगरच्या रांगेत मात्र तसले चाक मला एकाही गाडीला दिसले नाही. म्हाताऱ्याला सांगितले, तेव्हा त्याने दोनच गोष्टी विचारल्या: "किमतीला केवढं? अन् चिखलात चालंल का?"

पुण्यामुंबईहून यायचे, तर हिवाळ्यातली सकाळ निवडावी. कालव्याकाठी धुके असते आणि गुऱ्हाळ लागले तर गरम गूळही मिळतो. मात्र चढावर पुढे उसाची गाडी दिसली, तर मागून भोंगा वाजवू नका. बैल बिचकला, की सगळा तोल जातो. दोन मिनिटे थांबा. चढ संपला, की गाडीवान स्वतःच हाताने खूण करून वाट देतो.