सर्वानुमते

पावसाळा लागला आणि पंधरा दिवसांत आमच्या बेडरूमच्या छतावर जुना डाग पुन्हा उमटला. आमचा मजला सगळ्यात वरचा. दोनच वर्षांपूर्वी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं होतं: 28 सदनिका, प्रत्येकी 15 हजार, एकूण 4 लाख 20 हजार रुपये.

सेक्रेटरींकडे गेलो. कंत्राटदाराचा गॅरंटीचा कागद मागितला. ते म्हणाले, "अहो, विश्वास नाही का आमच्यावर? फुकट राबतोय आम्ही!"

या वाक्यापुढे माणूस गप्प बसतो. मीही आठ दिवस बसलो. मग पलंगाशेजारी बादली ठेवायची वेळ आली, तेव्हा लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची आणि कमिटीच्या बैठकांची इतिवृत्तं सभासदाला विनामूल्य पाहता येतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नं दिलेला तो हक्क आहे. पण अर्जाची बातमी पसरली आणि लिफ्टमधले नमस्कार थांबले.

रविवारी पार्किंगमधल्या ऑफिसात सेक्रेटरींनी फाइल पुढ्यात टाकली. दरपत्रकं तीन, लेटरहेड वेगवेगळी. पण 'टेरेस'चं इंग्रजी स्पेलिंग तिन्हींत सारखंच चुकलेलं. गॅरंटीचा कागद नाहीच. मला चोर सापडल्याचा आनंद झाला. त्याच भरात इतिवृत्त उघडलं.

'गणसंख्येअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू. विषय क्र. 4: गच्ची दुरुस्तीच्या खर्चास सर्वानुमते मंजुरी.' शेजारी हजेरीपट. सह्या अकरा. सातवी माझी.

मग आठवलं. त्या संध्याकाळी मी सही केली, बटाटेवड्याची बशी उचलली आणि मॅच बघायला घरी निघून आलो. सभेची नोटीस आधीच रद्दीत गेली होती. वाचल्याशिवाय सही करू नका, हे बँकेच्या काउंटरवर बसून मी तीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. सेक्रेटरींनी सहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फाइल मिटली.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी मी दारोदार फिरलो. तरी आले चौदाच. सभा नेहमीसारखी अर्धा तास तहकूब झाली. त्या अर्ध्या तासात मी ताळेबंदाच्या प्रती वाटल्या. वडे सभा संपल्यावर द्यायचे, असं आधीच ठरवून घेतलं होतं. लोक नाइलाजानं वाचू लागले आणि प्रश्न सुरू झाले. जुने पैसे बुडालेच होते. नवा ठराव मांडला गेला: काम गॅरंटीनं करून घ्यायचं आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा कोरडा गेल्यावरच द्यायचा.

सेक्रेटरींनी पेन उचललं. "सर्वानुमते लिहू?"

"नको. बाजूनं कोण, विरोधात कोण, नावं लिहा."

माझं नाव आलं, तेव्हा मी ठराव पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितला.