चार दोऱ्यांच्या आत

देवीच्या खांद्यावर टाकी केसभर खोल गेली, तर पदराची एक चुणी वाढवून निभावता येतं. दिगंबर तीर्थंकराला पदर नाही, माळ नाही, मुकुट नाही. उघडा देह आणि उघडा दगड.

आमच्या चिखली तालुक्यात, सातगाव भुसारीला, हेमाडपंती विष्णुमंदिर आहे आणि त्याच गावात जैन मूर्तींचे अवशेषही. तिथे गेलो की माझं लक्ष आधी मापांकडे जातं. बसलेल्या जिनमूर्तीला चार दोऱ्या लावायच्या: गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत, उजव्या गुडघ्यापासून डाव्या खांद्यापर्यंत, डाव्यापासून उजव्यापर्यंत, आणि आसनापासून केसांच्या रेषेपर्यंत. चारही सारख्या भरल्या पाहिजेत. दिल्लीत खिलजींच्या पदरी असलेल्या ठक्कुर फेरू या जैन गृहस्थाने १३१५ साली ‘वास्तुसार’मध्ये हा नियम लिहून ठेवला. त्याच्या कितीतरी आधीपासून पाथरवटांच्या हातांना तो ठाऊक असणार.

दोऱ्यांनी सांगाडा बसतो. पोट मात्र कुठल्याच दोरीत येत नाही. तीर्थंकराला स्नायू दाखवायचे नसतात. श्वास आत घेऊन थांबलेला देह दाखवायचा असतो. पोट सपाट केलं की मूर्ती मेली, फुगवलं की शेटजी झाले! म्हणून मी पोट सर्वांत शेवटी घेतो, तेही सकाळच्या तिरप्या उन्हात. काळ्या पाषाणाला घोटाई चढली की चकाकीची एक रेघ छातीवरून खाली उतरते; ती जिथे थरथरते तिथे उंचवटा आहे. संगमरवर उजेड पिऊन टाकतो, बरंच झाकतो. आता बहुतेक नव्या मूर्ती जयपूरहून संगमरवरातच येतात, त्यामुळे ही रेघ वाचणारे डोळेही कमी होत चाललेत.

दगड निवडताना हातोडीने वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर सोडायचा. तरी आपल्या बेसाल्टच्या पोटात गारगोटीची पोकळी लपलेली असू शकते, आणि ती नेमकी गालावर उघडते. वेरूळच्या चारणाद्री टेकडीवर शके ११५६ मध्ये चक्रेश्वराने बसवलेला पार्श्वनाथ सोळा फुटांचा आहे. एवढ्या पसरट अंगावर असे डाग कुणी कसे टाळले असतील, हे मला त्याच्या उंचीपेक्षा मोठं वाटतं.

कारागिराला मोकळीक मिळते ती भोवतालच्या परिवारात. वेरूळच्या इंद्रसभेतली अंबिका बघा: वर आंब्याचं झाड, मांडीवर मूल, खाली सिंह. तिथे हात मनसोक्त खेळलाय. लोक तिच्यापुढे रेंगाळतात, आणि गाभाऱ्यातल्या जिनाला हात जोडून लगेच बाहेर पडतात. माझं बरोबर उलटं होतं.