बंगळूरच्या मैदानात रेड्यांची दौड

अलास्कातील नोम या लहानशा गावात दर वर्षी मार्च महिन्यात भोंगा वाजतो आणि कडाक्याच्या थंडीत माणसे मुलाबाळांसह रस्त्यावर येऊन उभी राहतात. सुमारे १,६०० किलोमीटर बर्फ तुडवून आलेल्या कुत्र्यांच्या गाड्या तेथे शर्यतीची शेवटची कमान ओलांडत असतात. १९२५ साली याच गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनीच औषध पोचवले होते. १९७३ पासून भरणारी 'इडिटारॉड' ही लांब पल्ल्याची शर्यत त्या दौडीची आठवण जागी ठेवते.

बंगळूरमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील दहा वर्षांच्या मुलीने ही हकिगत शाळेच्या पुस्तकात वाचली आणि "आपण कधी जायचे?" असा हट्ट धरला. अलास्का काही शक्य नव्हते. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात जागोजागी फलक लागले. किनारपट्टीचा प्रसिद्ध 'कंबळ' म्हणजे रेड्यांची शर्यत, प्रथमच बंगळूरला येणार होती. तारीख २५ आणि २६ नोव्हेंबर, ठिकाण पॅलेस ग्राउंड्स.

"आजोबांना बोलवा," मुलीच्या आईने सुचवले. आजोबा सांगली जिल्ह्यातले. तरुणपणापासून त्यांच्या दावणीला शर्यतीची खिलार जोडी असे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी शेवटची जोडी विकली आणि त्यानंतर शर्यत हा विषय घरात काढला नाही. आता नातीचाच फोन गेला म्हटल्यावर त्यांनी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली.

मराठी माणसाला बंगळूर तसे परके नाही. १६३८ मध्ये शहाजीराजांना या शहराची जहागीर मिळाली आणि त्यांचा दरबार येथे भरत असे. पुढे हे शहर म्हैसूरच्या वाडियारांकडे गेले. त्यांच्याच राजवाड्याभोवतीचे विस्तीर्ण मैदान म्हणजे पॅलेस ग्राउंड्स. एरवी तेथे थाटाची लग्ने आणि प्रदर्शने होतात. या वेळी मात्र माती खणून, पाणी सोडून, शेजारी शेजारी दोन लांबलचक चिखलाचे पट्टे तयार केले होते. लांबी सुमारे १५५ मीटर. अशा जोडपट्ट्यांना 'जोडुकेरे' म्हणतात.

दीडशेच्या आसपास जोड्या आल्या होत्या. पुत्तूरचे आमदार अशोक कुमार राय यांच्या पुढाकाराने हा सोहळा जमला होता. मंगळूर, उडुपी भागातून साडेतीनशे किलोमीटरचा घाटरस्ता पार करून ट्रकमधून रेडे आणले गेले. वाटेत हासनला त्यांना विश्रांती दिली होती.

शनिवारी दुपारी हे कुटुंब मैदानात पोचले. आजोबा आधी शर्यतीकडे गेलेच नाहीत. ते थेट रेडे बांधले होते तिकडे वळले. तेल चोळून चकाकणारी काळीभोर अंगे, कपाळावर पितळी अलंकार, समोर वैरण. किनारपट्टीवर या रेड्यांना शेतीच्या कामाला सहसा जुंपत नाहीत. त्यांना कुळीथ खाऊ घालतात, पोहायला नेतात, रोज मालिश करतात. एका गड्याला तुळू आणि कन्नडखेरीज काही येत नव्हते, आजोबांना मराठीखेरीज काही येत नव्हते. तरी दोघे अर्धा तास बोलत होते. खुराला हात लावून आजोबांनी काही विचारले, गड्याने मान हलवली आणि दोघेही हसले.

कंबळ ही भातशेतीची शर्यत. किनारपट्टीवर भाताची कापणी उरकली की नोव्हेंबर ते मार्च या काळात ती गावोगावी चालते. 'हग्ग' प्रकारात रेड्यांना नुसता दोर बांधतात आणि धावपटू तो धरून मागे पळतो. 'नेगिलु' म्हणजे नांगर, त्यात हलक्या नांगरासारखा दांडा असतो. 'अड्ड हलगे' प्रकारात माणूस आडव्या फळीवर उभा राहतो. सर्वांत देखणा प्रकार 'कने हलगे'. यात फळीला भोके असतात आणि त्यांतून चिखलपाण्याचे कारंजे उडते. वर बांधलेल्या पांढऱ्या पट्टीपर्यंत ज्याचे पाणी पोचेल तो जिंकला.

या धावपटूंना जगाने ओळखले ते २०२० मध्ये. ऐकळ येथील कंबळात श्रीनिवास गौडा या तरुणाने १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत कापले. कोणी तरी त्याचा हिशेब शंभर मीटरला ९.५५ सेकंद असा मांडला आणि उसेन बोल्टच्या ९.५८ सेकंदांशी तुलना सुरू झाली. खरे तर ही तुलना बरोबर नाही, कारण कंबळात धावपटूला रेड्यांची ओढ मिळते. क्रीडामंत्र्यांनी चाचणीचे आमंत्रण दिले, पण गौडा यांनी ते नम्रपणे नाकारले. चिखलात धावणे वेगळे आणि धावपट्टीवर धावणे वेगळे, हे त्यांना ठाऊक होते.

संध्याकाळी दिवे लागले आणि गर्दी दाटली. २०२२ च्या 'कांतारा' चित्रपटाने कंबळ घराघरांत पोचवला होता. त्यामुळे कधी किनारा न पाहिलेले शहरी लोकही लोटले होते. या कुटुंबाला पट्ट्याच्या शेवटच्या टोकाजवळ जागा मिळाली. त्या चढाला 'मंजोट्टी' म्हणतात. तेथेच शर्यत संपते आणि धावत सुटलेले रेडे माणसे अंगावर झेलून आवरतात. निकालासाठी आता लेसर किरणांची मदत घेतात.

लांबून आरोळी उठली. दोन जोड्या सुटल्या. पाण्याची भिंतच पुढे सरकत आल्यासारखी वाटली. बारा-तेरा सेकंदांत सारे संपले! मुलीच्या तोंडावर चिखलाचे शिंतोडे उडाले होते, पण ती हसत नव्हती. धावपटूच्या हातातली छडी तिने पाहिली होती.

"आजोबा, त्यांना लागत नाही का?"

आई-बाबा एकमेकांकडे पाहू लागले. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लागतंय की गं पोरी. का नाही लागणार? मी पण मारलंय. जिंकायच्या नादात कळत न्हाई, घरी आल्यावर वळ दिसतात. रात्री तेल लावताना बैल मान फिरवून बघायचा. ते बघणं अजून आठवतं."

मुलाने वडिलांच्या तोंडून हे प्रथमच ऐकले. शर्यत बंद झाली म्हणून ते खिन्न आहेत, असेच तो इतकी वर्षे समजत होता.

हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. प्राणिमित्रांच्या आक्षेपामुळे २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कंबळाला स्थगिती दिली होती. २०१७ मध्ये कर्नाटकाने आणि महाराष्ट्रानेही कायद्यात बदल केले. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते बदल वैध ठरवले. शर्यत चालेल, पण जनावराच्या यातना कमी करणारे नियम पाळूनच. अलास्कातही कुत्र्यांच्या हालांवरून असाच वाद आहे. परंपरा जपणाऱ्यांवरच नियम जपण्याची जबाबदारी येऊन पडते.

पुढच्या फेऱ्यांत आजोबा नातीला दाखवत राहिले, कोण नुसत्या आवाजावर रेडे पळवतो आणि कोण छडीवर. एक जोडी छडी न उगारता पहिली आली, तेव्हा दोघांनीही हात वर करून टाळ्या वाजवल्या. रात्री नीर दोसा, गोळीबजे आणि मंगळुरी बन्स खाऊन मंडळी घरी निघाली. शर्यत तशीच चालू होती.

मूळ मातीतला कंबळ पाहायचा तर किनारपट्टीवरच जावे. मूडबिद्री, मियार, उप्पिनंगडी, पुत्तूर येथील कंबळ नावाजलेले आहेत. मुंबईहून कोकण रेल्वेने मत्स्यगंधा एक्सप्रेस उडुपी, मंगळूरला नेते. गावोगावच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्या निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. शर्यती रात्रभर चालतात, तेव्हा मुलांसाठी उबदार कपडे आणि चिखल लागला तरी चालेल असे जोडे घ्यावेत. मुलांना कुंपणाच्या आतच ठेवावे, कारण सुटलेला रेडा कोणाचे ऐकत नाही.

आजोबा दोन दिवसांनी परतले. गाडी सुटताना नातीने विचारले, "पुन्हा बैल घ्याल?"

"घेईन," ते म्हणाले, "पण पळवायला न्हाई. तू सुट्टीत ये, तेल लावायला शिकवतो."