तशी आली, अशी आली

आमच्या हडपसरच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. एका संध्याकाळी त्या सांगत गेल्या आणि आम्ही दोघे, पेशाने मराठीचे अध्यापक, थेट संगणकावर टंकत गेलो. फाईल सेव्ह केली, तसा संदेशही उमटला. आणि काही क्षणांतच वीज गेली. यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा फाईल होती, आत एकही अक्षर नव्हते.

शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून उभारलेल्या मगरपट्टा सिटीत आमचा एक माजी विद्यार्थी नोकरी करतो. तक्रार त्याच्याकडे नेली.

"सर, यंत्र खोटं बोललं नाही," तो म्हणाला. आमच्या संगणकावर लिनक्स आहे. तिथे कोणत्याही प्रोग्रामला डिस्कला थेट हात लावता येत नाही. 'राइट' नावाची विनंती करून मजकूर कर्नेलच्या हवाली करावा लागतो. कर्नेल त्याची नक्कल स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेतो आणि किती बाइट मिळाले ते सांगतो. 'मिळाले' म्हणजे 'डिस्कवर लिहिले' नव्हे. ते लिहिणे सावकाश, एरवी तीसेक सेकंदांनीही होते. तातडी असेल तर 'एफसिंक' ही वेगळी विनंती करावी लागते.

मुळात नक्कल कशाला, हा आमचा भाषाशास्त्री प्रश्न. कर्नेल प्रोग्रामवर विश्वास ठेवत नाही, हे उत्तर. दिलेला पत्ता त्या प्रोग्रामच्याच हद्दीतला आहे का, हे तो आधी पाहतो. शिवाय फाईलचे नाव तपासून झाल्यावर प्रोग्रामने ते मागच्या मागे बदलले तर? म्हणून आधी उतरवून घ्यायचे, मग आपल्याजवळची प्रत तपासायची. मजकुराच्या अर्थाशी त्याला कर्तव्य नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे. ओवी काय आणि वाण्याची यादी काय, त्याला सारखीच.

पुढल्या आठवड्यात मावशींनी ओव्या पुन्हा सांगितल्या. क्रम बदलला होता; काही आठवल्याच नाहीत.

"मावशी, ही ओवी मागच्या वेळी भावाची होती ना? आता आईची कशी?"

"तवा तशी आली, आता अशी आली," त्या म्हणाल्या.

पाठभेद म्हणजे नकलकाराचा दोष, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आलो. इथे तर नकलकार मध्ये आलाच नव्हता. मूळच बदलले होते. या वेळच्या ओव्या डिस्कवर सुखरूप आहेत. भावाची ती ओवी मात्र आता मावशींपाशीही नाही.