सुरी, मीठ आणि मावशी

मेकॅनिकलला असण्याचा एक तोटा म्हणजे हॉस्टेलमध्ये काहीही बिघडलं की लोक आधी आपल्याकडे बघतात. पंखा, कुलूप, बादलीची कडी... आणि गेल्या सेमिस्टरला मेसमधल्या सुऱ्या! नव्या कोऱ्या सहा सुऱ्या, पात्यावर ठळक अक्षरांत ‘स्टेनलेस’, आणि महिन्याभरात सगळ्यांवर तपकिरी ठिपके. मेसच्या ठेकेदारांनी निकाल देऊन टाकला : मावशी नीट घासत नाहीत, पैसे त्यांच्या पगारातून कापणार. मावशी म्हणाल्या, “पोरी, घासून घासून बोटं झिजली गं माझी.”

ताटं-वाट्या मात्र चकचकीत. त्याच मावशी, तेच पाणी. मग गंज फक्त सुऱ्यांनाच का?

उत्तर आमच्या मटेरियल्सच्या पुस्तकात होतं. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे पुढचे दोन-चार जड शब्द रूममेटकडून उसने घेतलेत. सांभाळून घ्या!) स्टेनलेस स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा एक पातळ पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो. किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले जेमतेम दोन-तीन! ओरखडा पडला तरी हवा मिळाली की तो आपोआप भरून येतो. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने बंदुकीच्या नळ्यांसाठी चांगलं पोलाद शोधताना असं पोलाद बनवलं आणि लवकरच त्याच्या जेवणाच्या सुऱ्या निघाल्या.

पण ताट आणि सुरी सख्ख्या बहिणी नव्हेत. चांगल्या ताटात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. सुरीला धार टिकवायची असते, म्हणून तिच्यात कार्बन जास्त आणि क्रोमियम बहुधा १३ टक्क्यांच्या आसपास. त्यातलंही थोडं कार्बन अडवून ठेवतो. म्हणजे धार मिळते, पण गंजाशी लढायची ताकद कमी होते. खात्री करायची तर लोहचुंबक आणा. सुरीला घट्ट चिकटेल, अशा ताटाला चिकटला तर नावापुरता.

मग मी मेसमध्ये दोन दिवस नुसतं बघितलं. रात्री कोशिंबीर आणि लिंबं चिरून झाली की सुऱ्या बादलीत, सकाळपर्यंत त्याच मीठ-लिंबाच्या पाण्यात. रात्रीची भांडी सकाळी घासायची, हा नियम ठेकेदारांचाच. मिठातलं क्लोराइड पापुद्र्याला बारीक छिद्रं पाडतं आणि गंज तिथून आत शिरतो. घासणी लोखंडी तारेची, तीही त्यांनीच आणलेली. तिचे कण पात्यावर राहतात आणि गंजतात. म्हणजे मावशी जितकं घासणार, तितके ठिपके वाढणार!

चुंबक, एक ताट आणि एक सुरी घेऊन मी रेक्टर मॅडमसमोर हे सगळं मांडलं. पगार कापला गेला नाही. आता मेसमध्ये सुरी वापरली की लगेच धुतात, मऊ घासणीने घासतात, फडक्याने कोरडी करतात आणि उभी ठेवतात. जुने ठिपके खायच्या सोड्यात थोडं पाणी कालवून, मऊ कापडाने, धार सांभाळत चोळले, बरेचसे गेले.

रूममध्ये चोरून सुरी ठेवणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. ओल्या फडक्यात गुंडाळून कपाटात कोंबू नका. ओल राहते, हवा मिळत नाही, पापुद्रा भरून येत नाही.

हा धडा परीक्षेत सात मार्कांना येतो म्हणून आम्ही पाठ करतो. मावशींना मात्र तो पगाराइतक्या मार्कांचा होता.